प्रश्नोत्तरे : वेबसाइटचं सर्टिफिकेट दर तीन महिन्यांनी का संपतं?

प्रश्न : किनवट तालुक्यात इस्लापूरला आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सोयाबीन, कापूस, हळदीचे भाव आणि गोदामातला माल यांची माहिती देणारी एक छोटी वेबसाइट आम्ही भाड्याच्या सर्व्हरवर चालवतो. संगणकाचं काम माझ्याकडे आहे, शिक्षण मात्र बी.कॉम. दर तीन महिन्यांनी एखाद्या सकाळी व्यापाऱ्यांचे फोन सुरू होतात, ‘तुमची साइट हॅक झाली काय?’ उघडून बघावं तर लाल त्रिकोण आणि ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’. मग नांदेडच्या एका मुलाला फोन लावायचा. तो घरबसल्या काळ्या खिडकीत दोन ओळी टाकतो आणि साइट सुरू होते. त्या दोन ओळींनी नेमकं होतं काय? वर्षभराचं सर्टिफिकेट एकदम का देत नाहीत? ते काम मला जमेल का? माझा चुलतभाऊ एका कॉलेजात नोकरीला आहे. तो म्हणतो, ‘आमच्याकडे विंडोजवर हे सर्टरेकनं करतात.’ ते वेगळं आहे का? आणि आमच्या संचालकांच्या डिजिटल सहीचं डोंगल आहे, तेही असंच कमांड देऊन रिन्यू करता येतं का?
— एक वाचक, इस्लापूर

उत्तर : तुमच्या पत्रातच अर्धं निदान आहे. दोन ओळी टाकल्या की साइट लगेच सुरू होते, म्हणजे सर्व्हर ठीक आहे, साइटचं नाव तुमच्याच ताब्यात आहे आणि सर्टिफिकेट देणारी संस्थाही द्यायला तयार आहे. मुदत संपायच्या आत त्या ओळी टाकायला तिथं कुणी नसतं, एवढीच उणीव. आणि हे काम माणसाचं नव्हेच. सर्व्हरनं ते आपलं आपण करावं, याच हिशेबानं ही व्यवस्था बांधलेली आहे. डोंगलचं मात्र बरोबर याच्या उलट आहे. क्रमानं घेऊ.

सर्टिफिकेट म्हणतं तरी काय?

सर्व्हरवर प्रचंड मोठ्या आकड्यांची एक जोडी तयार केलेली असते. त्यातली पब्लिक की जगजाहीर असते, प्रायव्हेट की सर्व्हरच्या बाहेर जायची नसते. प्रायव्हेट कीनं केलेली सही पब्लिक कीनं कुणालाही तपासता येते, पण नुसती पब्लिक की हातात असून तशी सही करता येत नाही. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये ही कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि अ‍ॅडलमन या तिघांनी ती प्रत्यक्षात उतरवून दाखवली. आजचा सगळा ऑनलाइन व्यवहार त्यावरच उभा आहे.

पण समोर आलेली पब्लिक की खरोखर तुमच्याच साइटची आहे, हे व्यापाऱ्याच्या फोननं कशावरून ओळखायचं? त्यासाठी सर्टिफिकेट लागतं. तिसऱ्या एका संस्थेनं सही करून दिलेला तो छोटासा दाखला असतो : ‘ही पब्लिक की अमुक नावाच्या साइटची आहे आणि हे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत खरं धरावं.’ साइट उघडताना ब्राउझर मुख्यतः तीन गोष्टी बघतो. नाव जुळतं का, सही करणारी संस्था आपल्या यादीतली आहे का, आणि आजची तारीख मुदतीत बसते का. यातलं एक जरी चुकलं तरी तोच लाल त्रिकोण येतो. म्हणजे व्यापाऱ्यांना सांगा, साइट हॅक झालेली नसते, दाखल्याची तारीख उलटलेली असते.

फोन एकाच व्यापाऱ्याचा आला असेल आणि बाकीच्यांकडे साइट नीट उघडत असेल, तर आधी त्याच्या फोनची तारीख बघायला सांगा. बॅटरी पार उतरून कित्येक दिवस पडून राहिलेला हँडसेट कधी कधी मागच्याच एखाद्या सालात जागा होतो. मग त्याच्या लेखी तुमचं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नसतं. तारीख ‘ऑटोमॅटिक’वर टाकली की तक्रार मिटते.

सर्टिफिकेट काय म्हणत नाही, हेही लक्षात ठेवा. साइटचा मालक सचोटीचा आहे, असं ते कुठंही म्हणत नाही. ‘वीज बिल थकलं आहे, आज रात्री लाइट कापली जाईल’ असा मेसेज पाठवून पैसे उकळणाऱ्याच्या साइटलाही बिनचूक सर्टिफिकेट मिळू शकतं, कारण त्या नावावर ताबा त्याचाच असतो. पत्त्याशेजारचं कुलपाचं चित्र बघून लोक साइटलाच भरवशाची समजू लागले, म्हणून गूगलनं सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोममधून ते कुलूप काढून टाकलं.

त्या दोन ओळी

तुमचं सर्टिफिकेट बहुधा ‘लेट्स एन्क्रिप्ट’चं असणार. ९० दिवसांची मुदत आणि फुकट मिळणं, ही तिची ओळख. इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप ही अमेरिकेतली ना-नफा संस्था ती चालवते. पहिलं सर्टिफिकेट १४ सप्टेंबर २०१५ ला निघालं आणि ३ डिसेंबर २०१५ पासून ते सर्वांना खुलं झालं. त्याआधी छोट्या साइटवाल्याला यासाठी पैसे मोजावे लागत, कागद पाठवावे लागत, आणि आलेली फाइल हातानं सर्व्हरवर बसवावी लागे. म्हणून बहुतेक जण त्या वाटेलाच जात नसत. फेब्रुवारी २०२० पर्यंत या संस्थेनं १०० कोटी सर्टिफिकेटं दिली होती. एवढं काम टेबलामागं माणसं बसवून होत नाही. दोन्ही बाजूंना यंत्रं आहेत आणि ती आपसात एका ठरलेल्या रीतीनं बोलतात. या रीतीचं नाव ‘अ‍ॅक्मे’, आणि मार्च २०१९ मध्ये ती इंटरनेटचं अधिकृत मानक झाली.

मुलाची पहिली ओळ बहुतेक अशी असेल : ‘सुडो सर्टबॉट रिन्यू’. (आज्ञा इथं देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लहान अक्षरांत, मधल्या जागा सांभाळून टाकायच्या.) सर्टबॉट हा तुमच्या सर्व्हरवर बसवलेला कार्यक्रम. ओळ टाकली की तो नवी जोडी तयार करतो आणि सीएसआर नावाचा अर्ज लिहितो. अर्जात साइटचं नाव, पब्लिक की आणि ‘हिची प्रायव्हेट की माझ्याकडेच आहे’ हे दाखवणारी सही असते. प्रायव्हेट की स्वतः अर्जात जात नाही. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेलाही ती कधी दिसत नाही.

मग खातरजमा होते. समजा कुणी म्हणालं की हे घर माझं आहे, आणि आपण म्हणालो, ‘मग दारावर मी सांगतो ती खूण करून दाखव, मी येऊन बघतो.’ तसंच इथं होतं. संस्था एक लांबलचक अक्षरमाला देते. सर्टबॉट ती साइटवरच्या ठरलेल्या पत्त्यावर फाइल म्हणून ठेवतो. संस्था साध्या ८० क्रमांकाच्या पोर्टवरून येऊन ती वाचते. २०२० पासून ती एकाच वाटेनं येत नाही, जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून एकाच वेळी बघते. मधल्या एखाद्या वाटेवर कुणी फसवा फलक लावला, तरी सगळ्या वाटा त्याला अडवता येत नाहीत. खूण सापडली की काही सेकंदांत सही केलेलं सर्टिफिकेट हजर.

दुसरी ओळ लोक विसरतात : ‘सुडो सिस्टमसीटीएल रीलोड एनजिनएक्स’. वेबसर्व्हर सुरू होताना सर्टिफिकेट वाचून मेमरीत ठेवतो. डिस्कवर नवं आलं तरी ‘पुन्हा वाच’ असं सांगेपर्यंत तो जुनंच दाखवत राहतो. अशा वेळी फाइल ताजी असूनही साइटवर लाल त्रिकोण दिसतो आणि माणूस चक्रावतो.

वर्षभराचं एकदम का देत नाहीत?

कारण दाखला जितका जुना, तितका तो खोटा ठरण्याचा संभव जास्त. साइटचं नाव दुसऱ्याला विकलं जातं. प्रायव्हेट की बॅकअपमधून, पेनड्राइव्हवरून, सोडून गेलेल्या नोकराच्या लॅपटॉपमधून बाहेर जाते. अशा वेळी सर्टिफिकेट रद्द करण्याची सोय आहे, पण रद्द झाल्याची खबर प्रत्येक ब्राउझरपर्यंत वेळेवर पोचेलच असं नाही. मुदत संपणं हा एकच उपाय असा, की ज्यासाठी कुणाला काही कळवावं लागत नाही.

म्हणून मुदती सतत आखडत आल्या आहेत. एप्रिल २०१५ पासून जास्तीत जास्त ३९ महिने, मार्च २०१८ पासून ८२५ दिवस, सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवस. पुढचं वेळापत्रक ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांच्या मंडळानं एप्रिल २०२५ मध्ये मंजूर केलं : १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. म्हणजे वर्षभराचं सर्टिफिकेट पैसे देऊनही मिळणार नाही. लेट्स एन्क्रिप्टचे आजचे ९० दिवसही निम्म्यावर यायच्या बेतात आहेत. तुम्ही दर तीन महिन्यांनी नांदेडला फोन लावता. हीच पद्धत ठेवली तर तो दीड महिन्यावर येईल.

तारीख विसरायला गाव छोटं असावं लागत नाही. ६ डिसेंबर २०१८ ला एरिक्सन कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं एक सर्टिफिकेट संपलं आणि ब्रिटनमध्ये ओ-टू, जपानमध्ये सॉफ्टबँक यांच्या कोट्यवधी ग्राहकांचे फोन अडले. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स कंपनीत २०१७ साली माहिती चोरली जात होती आणि ती ७६ दिवस कुणाच्या लक्षात आली नाही. आत-बाहेर जाणारी माहिती तपासणाऱ्या त्यांच्या यंत्राचं सर्टिफिकेट १९ महिने आधीच संपलं होतं, त्यामुळे ते यंत्र नुसतंच उभं होतं.

तुम्हाला जमेल का?

जमेल. बी.कॉम. पुरेसं आहे. सर्व्हरचा पासवर्ड आणि तासभर वेळ हवा. आधी एक बघून घ्या. साइट सी-पॅनेलसारख्या शेअर्ड होस्टिंगवर असेल तर काळ्या खिडकीची गरजच नाही, तिथं हे काम होस्टिंगवाल्याच्या बाजूनं आपोआप होतं आणि बंद असेल तर पॅनेलमधून सुरू करता येतं. तुमचा सर्व्हर स्वतंत्र दिसतो, म्हणून पुढचं सांगतो.

पुढच्या वेळी लाल त्रिकोण आला की मुलाला फोन लावण्याआधी एकच आज्ञा द्या : ‘सुडो सर्टबॉट सर्टिफिकेट्स’. ती काही बदलत नाही, फक्त दाखवते. साइटच्या नावाखाली ‘एक्स्पायरी डेट’ येईल आणि कंसात दोनपैकी एक मजकूर असेल.

कंसात ‘इनव्हॅलिड : एक्स्पायर्ड’ असेल, तर रिन्यू करण्याचा प्रयत्नच झालेला नाही किंवा तो फसला आहे. सर्टबॉट नीट बसवला असेल तर त्याचं एक घड्याळ, म्हणजे टायमर, दिवसातून दोनदा त्याला उठवतं. मुदतीचा एक तृतीयांश भाग, म्हणजे ९० पैकी ३० दिवस उरले की तो नवं मागवतो. महिनाभर आधी. त्यामुळे एखाद्या दिवशी नेटवर्क नसलं तरी बिघडत नाही. इस्लापुरात लाइट गेली तरी या घड्याळाला काही होत नाही, कारण ते सर्व्हरवर चालतं, तुमच्या ऑफिसातल्या संगणकावर नव्हे. ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स’ ही आज्ञा द्या आणि यादीत सर्टबॉटचं नाव आहे का बघा. नसेल तर रोग सापडला.

कंसात ‘व्हॅलिड : ५५ डेज’ असं काही असेल आणि तरीही साइट ओरडत असेल, तर घड्याळ चालू आहे, सर्टिफिकेट नवं आलेलं आहे, फक्त वेबसर्व्हरला ते वाचायला कुणी सांगितलेलं नाही. दुसरी ओळ तिथं रोज कोण टाकणार? सर्टबॉटच्या फोल्डरमध्ये ‘रिन्युअल-हुक्स’ आणि त्याच्या आत ‘डिप्लॉय’ असं एक फोल्डर असतं. तिथं ती ओळ असलेली छोटी फाइल ठेवून तिला ‘चालवण्याजोगी’ केली, की प्रत्येक यशस्वी नूतनीकरणानंतर ती आपोआप चालते. नांदेडच्या मुलाकडून करून घेण्याचं काम असेल तर हेच. साइट सुरू करून देण्याचे पैसे देण्यापेक्षा त्याला घड्याळ आणि ही फाइल बसवून देण्याचे एकदाच द्या.

सगळं बसवलं की रंगीत तालीम घ्या : ‘सुडो सर्टबॉट रिन्यू’ आणि पुढं दोन आडव्या रेघा देऊन ‘ड्राय-रन’. ही विनंती संस्थेच्या चाचणीच्या सर्व्हरकडे जाते. खातरजमा खरीखुरी होते, सर्टिफिकेट मात्र बदलत नाही. शेवटी यशाचा निरोप आला तर निर्धास्त व्हा. नाही आला तर बहुतेक वेळा कारण एकच निघतं : कुणीतरी ‘सुरक्षेसाठी’ म्हणून फायरवॉलमध्ये ८० नंबरचं पोर्ट बंद केलेलं असतं आणि दारावरची खूण बघायला येणाऱ्यालाच वाट उरत नाही.

आणखी काही गोष्टी सांभाळा. चूक आली की तीच आज्ञा घाबरून पुन्हा पुन्हा देऊ नका. एका नावासाठी तासाभरात पाच वेळा खातरजमा फसली की संस्था काही काळ दाद देत नाही, आणि तंतोतंत त्याच नावांची सर्टिफिकेटं सात दिवसांत पाचपेक्षा जास्त मिळत नाहीत. प्रयोग ड्राय-रननंच करा. ‘लाइव्ह’ फोल्डरमधल्या फायली हलवू वा पुसू नका. त्या मूळ फायलींकडे बोट दाखवणाऱ्या खुणा असतात, त्या तुटल्या की सर्टबॉटचा हिशेबच चुकतो. आणि ‘प्रिव्हकी’ नावाची फाइल कुणीही मागितली, अगदी मदत करणाऱ्यानंही, तरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. तीच ती प्रायव्हेट की.

पूर्वी मुदत जवळ आली की लेट्स एन्क्रिप्टकडून मेल यायचा. ४ जून २०२५ पासून ते मेल बंद झाले आहेत. ‘मेल आला नाही म्हणजे ठीक असेल’ या भरवशावर राहू नका. ठरावीक दिवसांनी साइट तपासून मुदत जवळ आल्यास कळवणाऱ्या सेवा आहेत. त्या नको असतील तर महिन्यातून एकदा ‘सर्टबॉट सर्टिफिकेट्स’ची आज्ञा देऊन बघा. तेवढं पुरे.

एखादा होस्टिंगवाला महागडं सर्टिफिकेट घ्या म्हणून गळ घालेल. त्यात देणारी संस्था कंपनीची नोंदणी कागदोपत्री तपासते, हे खरं. पण अशा साइटचा पत्ता हिरव्या पट्टीत कंपनीच्या नावासह दाखवणं क्रोम आणि फायरफॉक्सनं २०१९ मध्येच बंद केलं. भाव बघायला आलेल्या व्यापाऱ्याला दोन्हींत काडीचा फरक दिसणार नाही.

चुलतभावाचं ‘सर्टरेक’

ते काम तेच, घर वेगळं. मोठी कॉलेजं, बँका, कारखाने आपल्या आतल्या संगणकांसाठी स्वतःचीच सर्टिफिकेट देणारी यंत्रणा विंडोज सर्व्हरवर उभी करतात. तिच्या सह्या संस्थेच्या आतल्या संगणकांना चालतात, बाहेरच्या जगाला नव्हे. सर्टरेक ही विंडोजमध्येच येणारी आज्ञा.

तिथं पायऱ्या सुट्या सुट्या आहेत. एका साध्या मजकुराच्या फाइलीत नाव, कीची लांबी वगैरे लिहायचं. ‘सर्टरेक -न्यू’ त्यावरून जोडी आणि अर्ज तयार करतं, ‘-सबमिट’ तो यंत्रणेकडे पाठवतं, ‘-अ‍ॅक्सेप्ट’ आलेलं सर्टिफिकेट बसवतं. साहेबांची मंजुरी लागणार असेल तर अर्ज प्रलंबित राहतो आणि एक क्रमांक मिळतो. तो टिपून ठेवायचा, मंजुरीनंतर ‘-रिट्रीव्ह’ला तोच लागतो. रिन्यू करताना ‘-एनरोल’बरोबर जुन्या सर्टिफिकेटचा अनुक्रमांक देऊन शेवटी ‘रिन्यू’ म्हणायचं. नवशिके अडतात ते एकाच ठिकाणी : अर्ज एका संगणकावर करतात आणि आलेलं सर्टिफिकेट दुसऱ्यावर बसवू बघतात. प्रायव्हेट की पहिल्यावरच राहिलेली असते, त्यामुळे दुसऱ्यावर ते नुसतं शोभेला उरतं. म्हणून ज्या संगणकावर ‘-न्यू’, त्याच संगणकावर ‘-अ‍ॅक्सेप्ट’. आणि संगणक पुष्कळ असतील तर तिथंही हातानं करत बसत नाहीत, सर्व्हरवरून धोरण लावून आपोआप नूतनीकरण ठेवतात.

डोंगलही असंच रिन्यू होतं का?

नाही, आणि होऊ नये हेच बरं.

साइटच्या सर्टिफिकेटला एवढंच विचारायचं असतं : या नावावर ताबा कुणाचा? ते यंत्राला तपासता येतं. डोंगलमधली डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं सर्टिफिकेट, वेगळा प्रश्न विचारते : सही करणारा माणूस हाच का? त्यासाठी पॅन किंवा आधारवरून ओळख पटवावी लागते आणि कॅमेऱ्यासमोर बसून स्वतःचा व्हिडिओ द्यावा लागतो. हा सगळा कारभार माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली चालतो, जो १७ ऑक्टोबर २००० पासून लागू आहे. या कायद्यानं नेमलेले नियंत्रक, म्हणजे सीसीए, परवाने देतात आणि ईमुद्रा, एनकोड, कॅप्रिकॉर्न, सी-डॅक यांसारख्या परवानाधारक संस्था सर्टिफिकेट देतात. १ जानेवारी २०२१ पासून क्लास २ बंद होऊन क्लास ३ उरला आहे. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. लोक ‘रिन्यू’ म्हणतात खरं, पण प्रत्यक्षात नवी ओळख पटवून, नवी जोडी तयार करून, नवं सर्टिफिकेट डोंगलमध्ये भरलं जातं. म्हणूनच ते आल्यावर कंपनी कार्यालयाच्या पोर्टलवर, टेंडरच्या साइटवर, जिथं जिथं जुनं नोंदवलं होतं तिथं तिथं पुन्हा नोंदवावं लागतं. विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री हे कळण्यापेक्षा महिनाभर आधी बघा.

या डीएससीचा आणि ब्राउझरच्या यादीचा संबंध नाही, हेही समजून घ्या. सीसीएच्या सह्या भारतात कायद्यानं चालतात, पण जगातल्या सॉफ्टवेअरच्या याद्या त्या त्या कंपन्या ठरवतात. ई-आधारची पीडीएफ उघडल्यावर सहीवर जे पिवळं प्रश्नचिन्ह आणि ‘व्हॅलिडिटी अननोन’ दिसतं, ते यामुळेच. सही खोटी नसते, पीडीएफ वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला सहीमागची संस्था ओळखीची नसते. सहीच्या तपशिलात जाऊन सीसीएचं मूळ सर्टिफिकेट ‘विश्वासू’ म्हणून जोडलं की हिरवी खूण येते.

वेबसाइटच्या बाबतीत ही ओळख एकदा थोडी होती आणि गेली. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या लक्षात आलं की एनआयसी या केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या सर्टिफिकेट यंत्रणेतून गूगलच्याच नावांची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाली आहेत. एनआयसीची सर्टिफिकेट देण्याची प्रक्रियाच बाहेरच्या कुणीतरी भेदली होती. दुसऱ्याच दिवशी सीसीएनं संबंधित सर्टिफिकेटं रद्द केली, तरी गूगलनं क्रोममध्ये भारतीय मुळाच्या सर्टिफिकेटांवरचा विश्वास सरकारी, शैक्षणिक आणि इतर मोजक्या नावांपुरताच ठेवला. सही करणाऱ्याच्या हातातून सही निसटली की पुढं काय होतं, ते या प्रकरणात दिसलं.

तुमच्या डोंगलचं तेच आहे, फक्त आकार छोटा. प्रायव्हेट की डोंगलच्या आतच तयार होते आणि तिची नक्कल बाहेर काढता येऊ नये अशीच त्याची रचना असते. एवढी काळजी घेऊन बनवलेली ही वस्तू बहुतेक ठिकाणी कुठं असते? कर सल्लागाराच्या ऑफिसातल्या खणात. वीस-पंचवीस डोंगलं रबर लावून ठेवलेली, प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि नावाखाली पेन्सिलीनं पिन. ग्रामपंचायतींत वित्त आयोगाचे पैसे ई-ग्रामस्वराजवरून सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डीएससीनं निघतात. एकानं दुसऱ्यावर लक्ष ठेवावं म्हणून दोन सह्या. दोन्ही डोंगलं एकाच ऑपरेटरच्या खणात गेली की दोन सह्यांची एकच सही होते, आणि तीही तिसऱ्याची.

कायदा इथं स्पष्ट आहे. कलम ४२ म्हणतं, प्रायव्हेट कीवर ताबा राखण्याची वाजवी काळजी ज्याच्या नावाचं सर्टिफिकेट त्यानंच घ्यायची. ताबा सुटला तर विनाविलंब संस्थेला कळवायचं, आणि कळवेपर्यंत जबाबदारी त्याचीच. दुसऱ्याची डिजिटल सही लबाडीनं वापरणाऱ्याला कलम ६६सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण ‘मी डोंगल दिलं होतं, पण सही मी केली नाही’ असं म्हणणाऱ्या संचालकाला आधी कलम ४२ आडवं येतं.

तेव्हा या आठवड्यात दोन कामं उरका. सर्व्हरवर घड्याळ, हुकची फाइल आणि ड्राय-रन करून घ्या आणि वेबसाइटच्या सर्टिफिकेटमधून माणूस बाहेर काढा. आणि संचालकांचं डोंगल जिथं असेल तिथून आणून त्यांच्या हातात द्या, पिन त्यांनाच बदलायला लावा. पुढच्या वेळी वार्षिक विवरणपत्र भरताना सल्लागाराला संचालकांची वेळ मागावी लागेल आणि त्यांनी वाचून पिन टाकेपर्यंत थांबावं लागेल. ती गैरसोय नव्हे; सही घेण्याची तीच पद्धत आहे.